रुपयांची माळ तुटली, सोनार म्हणतो मोडीत द्या

पैनगंगाकाठ

आजीची राणीछाप रुपयांची माळ आहे. १९ रुपये, दोन्ही टोकांना सहा-सहा सोन्याचे लाखी मणी, मागे लाल सुताचा गोंडा. धागा कुजून तुटला. दोन रुपयांच्या कड्या निघाल्यात. त्या जागी आधी कुणीतरी राखाडी झाळकाम केलेलं दिसतं. त्यातला एक रुपया काट्यावर ११.१ ग्रॅमच भरतो, दुसरा ११.५. मधला १८६२ चा रुपया आजीच्या माहेरचा, तो मधेच राहिला पाहिजे. मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे, तिच्या गळ्यात घालायची आहे.

सोनार म्हणतो, मोडीत द्या, त्याच चांदीत नवा सेट करून देतो. ते करायचं नाही. हलका रुपया खोटा असेल का? कड्या कशा बसवून घ्याव्या? तंगुसात (नायलॉनच्या तारेत) ओवली तर चालेल का? आणि काळेपणा काढावा की राहू द्यावा?

गोंडेवाला

आधी एक काम करा. उरलेला धागा कापण्यापूर्वी माळ पांढऱ्या कापडावर पसरून दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग एकेक रुपया काढून ओळीनं पुठ्ठ्यावर ठेवा आणि खाली आकडा लिहा. क्रम एकदा गेला की परत लागत नाही.

तंगूस नको. ताठ असते, गाठ सरकते, आणि कडीला आतून धार असेल तर तिथंच कापली जाते. पक्क्या रंगाचा सुती किंवा रेशमी दोरा घ्या. पक्का म्हणजे, ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रात्रभर ठेवल्यावर फडक्याला डाग पडू नये. नाहीतर नवरीच्या गळ्याला आणि शालूला लाल रंग लागेल. माळ २८ इंची हवी असेल तर दोरा चौपट, म्हणजे तीन मीटर धरा, कारण गाठी फार दोरा खातात. असे सहा पदर एकत्र करून मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा.

ओवायला टोकापासून सुरू करू नका. १८६२ चा रुपया दोऱ्याच्या बरोबर मध्यावर घ्या आणि तिथून दोन्हीकडं नऊ-नऊ रुपये वाढवत जा. मधला आपोआप मधेच राहतो. प्रत्येक रुपयाच्या अलीकडं-पलीकडं गाठ हवीच. १९ कलदार (इंग्रजी अमदानीतले चांदीचे रुपये) म्हणजे नुसत्या नाण्यांचं वजन २२० ग्रॅमच्या आसपास. गाठी नसतील तर एका जागी तुटल्यावर सगळे मांडवभर घरंगळतात. पण गाठ कडीला अगदी भिडवू नका, तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडा. नाहीतर रुपया आडवा होतो.

त्याआधी प्रत्येक कडीतून कापसाचा पेळू ओढून बघा. तंतू अडकले तर आत धार आहे. बारीक पॉलिश कागदाची सुरळी करून ती धार मोडा. तुमचा धागा बहुतेक कुजण्याआधी तिथंच घासत आला असेल.

हौशी_कारंजा

काळेपणासाठी ॲल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. पाच मिनिटांत चकाचक!

जुनी_नाणी

वरचा उपाय या माळेला अजिबात करू नका. मण्यांत सोनं म्हणजे वरचा पातळ पत्रा, आत लाख. लाख सत्तर-पंचाहत्तर अंशांलाच मऊ पडते आणि सोड्यात विरघळते. भोकातून ओघळली की पोकळ पत्रा बोटानं दबतो, आणि तो पोचा परत निघत नाही. स्पिरिटनंही लाख विरघळते. मणी फक्त ओलसर मऊ फडक्यानं पुसा आणि लगेच कोरडे करा.

रुपये उतरवल्यावर रिठ्याच्या कोमट पाण्यानं धुवा, बास. खोलगट भागातल्या काळेपणामुळं तर राणीचा चेहरा उठून दिसतो. पावडर घासली की चेहरा सपाट.

एक स्पष्ट सांगतो: कडी झाळलेलं नाणं संग्राहकाच्या दृष्टीनं खराबच धरतात, कडी काढली तरी डाग राहतो. शिवाय १८६२ हे साल टाकसाळीत पुढची दहा-बारा वर्षं तसंच छापत होते, त्यामुळं तो रुपया साल आहे म्हणून दुर्मिळ नाही. माळ म्हणूनच ठेवा.

आता हलका रुपया. कलदाराचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. झिजून ११.४-११.५ होणं नेहमीचं. ११.१ म्हणजे जरा जास्तच. चुंबक लावून समाधान मानू नका, जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) हाही चुंबकाला चिकटत नाही. भिंगाखाली कडेच्या रेघा पाहा. ओतीव नकलीत त्या बुजलेल्या असतात आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. त्यावर राणी आहे की आणखी काही?

पैनगंगाकाठ

राणी नाही! आजवर नीट पाहिलंच नव्हतं. चार मिनारांची कमान आणि उर्दूसारखी अक्षरं आहेत. कडेच्या रेघा स्पष्ट आहेत.

जुनी_नाणी

मग खोटा नाही. निझामाचा हाली रुपया आहे, वर चारमिनार. त्याचं मूळ वजनच ११.१८ ग्रॅम आणि चांदी साधारण ८२ टक्के. पैनगंगेपलीकडं निझामाचं राज्य होतं, तुमच्या भागातल्या माळेत हा सापडणारच. बाकीचे रुपयेही तपासा. १९४० ते ४५ चा राजाछाप निघाला तर त्यात चांदी निम्मीच असते.

फुंकणी_वऱ्हाडी

कड्यांचं सांगतो भाऊ. राखाडी झाळ म्हणजे कथील-शिशाचं. त्याच्यावर तसाच जाळ मारला तं शिसं चांदीत शिरते अन् रुपयाले खड्डे पडतात. पहिले ते पांढरी चांदी दिसेपर्यंत खरवडून काढाले सांगजा. मंग टाकणखार (बोरॅक्स) लावून चांदीच्याच झाळानं कडी बसवाची. हाली रुपयात तांबं जास्त, तो जाळावर लवकर काळा पडते, घाबरू नका.

कडीले १८ गेजची तार घ्या, पण शुद्ध चांदीची नको, मऊ असते, झिजते. भोक आडवं पाहिजे, म्हंजे दोरा डावीकडून उजवीकडं गेला पाहिजे. भोक समोरून आरपार असलं तं रुपया गळ्यावर धारेवर उभा राह्यते. ही चूक लई होते.

सोनाराले फक्त ते दोन रुपये द्या, वजन लिहून. मणी घरीच ठेवजा. झाळलेले दोन रुपये पांढरे पडतीन, पडू द्या. पॉलिशच्या चाकावर नेऊ देऊ नका, वापरात रंग आपोआप जुळते.

गोंडेवाला

लग्नाचं गणित धरून एक राहिलं. ओवून झाली की गोंडा लगेच बांधू नका. आठ दिवस माळ खिळ्याला टांगून ठेवा. एवढ्या वजनानं सूत इंच-दीड इंच ताणतं. मग बहिणीच्या गळ्यावर धरून उंची ठरवा आणि त्यानंतरच गोंडा बांधा.

तोवर मणी वेगळ्या मलमलीत गुंडाळा. रुपयांना रबर लावू नका, लोकरीत ठेवू नका, दोन्हींतलं गंधक चांदी काळी करतं. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातही नको, हिरवट चिकट थर धरतो.