कोल्हापुरात पर्यावरणाच्या संस्थेबरोबर काम करायचंय, सुरुवात कुठून करावी?

बावडेकर
नमस्कार. रसायनशास्त्रात पदवी झाली आहे. दर रविवारी चार-पाच तास आणि मधल्या एखाद्या दिवशी संध्याकाळ देऊ शकते. बरोबर बारावीतला भाऊही येणार आहे. कोल्हापुरात रंकाळा, पंचगंगा, झाडं, निर्माल्य अशा बऱ्याच विषयांवर संस्था काम करतात. त्यातल्या कोणत्या कामाला खरोखर माणसं कमी पडतात? संस्थेत जाण्याआधी काय तपासावं? आणि पुढे यातच पगाराची नोकरी होऊ शकते का? सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

करंज
ताई, माणसं कमी पडतात ती झाडं लावायला नाही, रोपवाटिकेत आणि उन्हाळ्यात. जूनमध्ये रोप हातात घेऊन फोटोला शंभर जण येतात. फेब्रुवारी ते मे पाणी घालायला चार जण मिळत नाहीत, आणि झाड मरतं ते याच महिन्यांत. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा: गेल्या पावसाळ्यात किती लावली, आणि ३१ मेला त्यातली किती जिवंत होती? रोपांना क्रमांकाच्या पट्ट्या लावून वही ठेवणारी संस्था असेल तर तिथे जरूर जा. "लाखभर लावली" एवढंच उत्तर आलं, तर तिथे तुमचे रविवार वाया जातील.

रोपवाटिकेचं काम बी गोळा करण्यापासून सुरू होतं. बहाव्याच्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडाशी काळ्या होतात. बियांचं कवच इतकं कठीण असतं की तशाच पेरल्या तर महिनोन्‌महिने काही होत नाही. कवच एका बाजूने पॉलिश पेपरवर घासा किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, मग पेरा. करंजाला असलं काही लागत नाही. पिशवीत भरायची माती दोन भाग तांबडी, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. शेणखत अर्धकच्चं असेल तर हुमणी येते आणि मुळं खाते. पिशवीला तळाशी आणि बाजूने भोकं असलीच पाहिजेत.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जुन्या रोपांत. लहान पिशवीत वर्ष-दीड वर्ष राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गुंडाळतात. वरून रोप चार फूट उंच, छान दिसतं. जमिनीत गेल्यावर मुळं त्याच वेटोळ्यात फिरत राहतात आणि तीन-चार वर्षांनी वाऱ्यात झाड मुळासकट उपटून पडतं. असं रोप लावायचंच असेल तर तळाची अर्धा इंच गुंडाळी धारदार खुरप्याने कापून टाका.

खड्डे एप्रिल-मेमध्ये, दीड ते दोन फूट लांब, रुंद आणि खोल. महिनाभर उन्हात तापू द्या. भरताना वरची माती आधी खाली घाला, त्यात एक घमेलं शेणखत आणि वाळवीसाठी दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. दोन चांगले पाऊस होऊन हातभर ओल गेली की लावायचं. आपल्या जिल्ह्यात एक फरक कायम लक्षात ठेवा. शिरोळ-हातकणंगलेच्या काळ्या रानात खड्डा म्हणजे पाण्याचं पातेलं होतं, मुळं कुजतात, म्हणून तिथे वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावतात आणि पाणी निघायला एका बाजूने चर काढतात. गगनबावडा-राधानगरीकडे जांभ्याची जमीन, तिथे पाऊस जोरात सुरू होण्याआधी लावून होणं महत्त्वाचं, नाहीतर नवी माती वाहून जाते.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा दहा लिटर पाणी, एकदम न ओतता हळूहळू. बुंध्याभोवती उसाचं पाचट चार इंच जाड घातलं तर ओल टिकते, पण खोडापासून चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. रस्त्याकडेला किंवा वणवा लागतो अशा डोंगरावर पाचट अजिबात नको, ते पेटतं आणि रोपासकट जातं. अशा ठिकाणी दगड रचा. गवत वाळायला लागलं की दिवाळीनंतर लगेच रोपांभोवती तीन फूट गोल साफ करून घ्यायचा आणि जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा) काढून ठेवायची. लागवडीएवढंच हे काम मोठं आहे. असं तीन उन्हाळे केलं की झाड आपल्या पायावर उभं राहतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मसाई पठारासारख्या सड्यांवर झाडं लावायला कुणी बोलावलं तर जाऊ नका, आणि शक्य असेल तर त्यांनाही थांबवा. तिथे खडकावर जेमतेम बोटभर माती असते आणि तिच्यात गेंद, सीतेची आसवं अशा पावसाळी वनस्पतींचं स्वतंत्र जग असतं. कुदळीने खड्डे घेतले की ते जग मोडतं, आणि लावलेलं झाड तर जगतच नाही. पठार उघडं दिसलं म्हणजे ते ओसाड असतं असं नाही.

पाणीनोंद
तुमचं रसायनशास्त्र आहे म्हणजे तुमची जागा नदीवर आहे. पंचगंगेसाठी आवाज उठवणारे भरपूर आहेत, नेमाने नमुने घेणारे फार थोडे.

ठिकाणं एकदा ठरवायची आणि बदलायची नाहीत. प्रयाग चिखली शहराच्या वर, मग शिवाजी पूल, राजाराम बंधारा, खाली रुई, इचलकरंजी, तेरवाड बंधारा. सगळी जमणार नसतील तर दोनच घ्या, पण नाला मिळण्याच्या वर एक आणि खाली एक अशी जोडी हवी. एकट्या खालच्या नमुन्यावरून घाण कुठून आली ते सांगता येत नाही.

नमुना काठावरून घेऊ नका, पुलावरून प्रवाहाच्या मध्यातून, पृष्ठभागाखाली साधारण एक फूट. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी मात्र ३०० मिलीची बीओडी (घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो त्याची चाचणी) बाटली वेगळी असते, ती बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची आणि जागेवरच २ मिली मँगनीज सल्फेट, २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून ऑक्सिजन बांधून टाकायचा. घरी नेऊन करू म्हटलं की आकडा खोटा येतो. पुढे आम्ल घालून २०० मिलीचं ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन केलंत तर जितके मिली लागतील तितकेच मिलिग्रॅम प्रति लिटर, हिशेब सोपा पडतो. बीओडीचा नमुना बर्फाच्या पेटीत ४ अंशाला ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. आपल्याकडे ती चाचणी २७ अंशाला तीन दिवसांची असते. या रसायनांना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि भावाला आम्लाच्या बाटलीला हात लावू देऊ नका. त्याने वही सांभाळावी.

वेळ दर वेळी एकच ठेवा. शेवाळं दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री वापरतं, त्यामुळे त्याच पाण्यात ऑक्सिजन दुपारी ७ मिलिग्रॅम आणि पहाटे ३ मिलिग्रॅम येऊ शकतो. पहिल्या आठवड्याला दुपारी आणि दुसऱ्याला सकाळी गेलात तर नदी बिघडली की घड्याळ, काही कळणार नाही. माशांना ४ च्या खाली त्रास सुरू होतो.

आणखी एक स्थानिक बाब. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा संपल्यावर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि पाणी तुंबतं. त्या संथ पाण्यात सांडपाणी, मळी आणि केंदाळ (जलपर्णी) साठत जातं, तळाशी कुजतं. बरगे काढले की ते सगळं एकदम खाली सुटतं आणि खालच्या बंधाऱ्यात मासे तडफडून वर येतात. त्यामुळे बरगे काढण्याच्या तारखा समजून घेऊन त्याच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी नमुना घेतलात, तर वर्षभराच्या नोंदीत त्याला सगळ्यात जास्त किंमत असेल.

मात्र तुमचा नमुना हा कायद्याच्या दृष्टीने पुरावा नव्हे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सीलबंद केलेला नमुनाच चालतो. म्हणून मासे मेलेले दिसले की तारीख-वेळ-ठिकाण दिसेल असे फोटो काढा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापुरातल्या कार्यालयाला त्याच तासात फोन आणि ईमेल दोन्ही करा, आणि "नमुना घेऊन पंचनामा करावा" असं स्पष्ट लिहा. पाणी सहा तासांत वाहून जातं.

बावडेकर
खूप आभार, दोघांचेही. गणपतीत मूर्तिदान आणि निर्माल्याचं काम असतं त्यात जावं का? आणि रंकाळ्यातलं केंदाळ?

सुकाओला
जरूर जा, पण आधी एक दिवस शिकून जा. घरगुती गणपती गौरींबरोबर जातात त्या दिवशी गर्दी अशी असते की तिथे समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. मूर्ती खालून, पाटासकट, दोन्ही हातांनी उचलायची. दीड फुटाच्या वर दोघांनी. ट्रॉलीत आधी गवत किंवा पाचट पसरा, एकावर एक रचू नका. लोकांनी श्रद्धेने दिलेली मूर्ती आहे. ती आपटताना कुणी पाहिलं तर पुढच्या वर्षी ते घर दान करणार नाही, आणि ते त्यांचं बरोबरच आहे. "काहिलीत (पाणी भरलेल्या मोठ्या कढईत) विसर्जन करा" असा आग्रह धरू नका, विचारा आणि नाही म्हणाले तर नमस्कार करून बाजूला व्हा.

निर्माल्य जागेवरच वेगळं करा: दोरे, प्लॅस्टिक, थर्माकोल, अगरबत्तीचे पुडे, नारळ बाजूला. हारातला दोरा राहिला तर खत चाळताना जाळीत गुंता होतो. ओल्या फुलांच्या दोन घमेल्यांना एक घमेलं वाळका पालापाचोळा, वर थोडं जुनं खत किंवा ताक-शेणाचं पाणी. ढीग कमरेएवढा, आठ दिवसांनी वर-खाली. मूठ दाबून पाहा. एखादा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त, आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे आत हवा नाही. तेव्हा वाळका पाला वाढवा. दीड-दोन महिन्यांत चाळण्याजोगं होतं.

केंदाळ काढायला काठावरून दाताळं आणि दोर. पोहता येत असलं तरी पाण्यात उतरू नका, मुळांच्या जाळ्यात पाय अडकतो. काढलेलं काठावर ठेवून घरी गेलात तर पहिल्या पावसात ते परत आत जातं. त्याच दिवशी वाहन ठरलेलं नसेल तर मोहीमच पुढे ढकला. आणि बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं टिकतं, सांडपाणी येत राहिलं तर केंदाळ येतच राहणार. त्यामुळे नाला अडवण्याचा पाठपुरावा करणारी संस्था निवडा.

नाल्याच्या किंवा पुराच्या चिखलात काम असेल तर गमबूट, जाड हातमोजे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं. पायाला जखम असेल तर त्या दिवशी वहीचं काम घ्या. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून पसरतो. चिखलात काम केल्यानंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना चिखलात काम केल्याचं आपणहून सांगा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. ३९ च्या पुढे स्वयंसेवकांनी नदीकाठची सगळी कामं बंद ठेवायची.

जमाखर्च
संस्था तपासण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. नोंदणी क्रमांक मागा. धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाचा क्रमांक "ई" ने सुरू होतो, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था असेल तर "एफ". वर्ष ३१ मार्चला संपतं आणि लेखापरीक्षण त्यापुढच्या सहा महिन्यांत व्हायला हवं. गेल्या तीन वर्षांचे अहवाल दाखवा म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडल्या तर समजून घ्या. विश्वस्त बदलले असतील तर चेंज रिपोर्ट दाखल आहे का तेही विचारा, बऱ्याच चांगल्या संस्था इथेच अडकतात आणि मग बँक खात्याच्या सह्यांवरून काम थांबतं. देणगीची पावती लगेच, क्रमांकासह. रोख २००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीला करात सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला सांगायची जबाबदारी पावती फाडणाऱ्याची.

नोकरीचं सांगायचं तर ती मिळते, पण बहुतेक वेळा प्रकल्पापुरती. कंपन्यांचा सामाजिक निधी आर्थिक वर्षाने चालतो, त्यामुळे मार्च संपला की नवा करार होईपर्यंत पगार लांबतात. नेमणूकपत्रात मुदत, प्रवासखर्च आणि सूचनेचा कालावधी लिहून घ्या. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. रसायनशास्त्राबरोबर क्यूजीआयएसवर (नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर) नकाशा करता आला आणि ग्रामसभेत उठून नीट मराठीत मांडता आलं तर तुम्हाला मागणी राहील. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांना लोक जैवविविधता नोंदवह्या (गावातल्या वनस्पती-प्राण्यांच्या नोंदी) नव्याने भरायच्या, दुरुस्त करायच्या असतात, त्यातूनही कामं निघतात.

बावडेकर
सगळं वहीत उतरवून घेतलं. नदीचे नमुने महिन्यातून दोनदा आणि उरलेले रविवार रोपवाटिका असं ठरवतोय. भावाला जांभळाची रोपं करायची आहेत, बिया आत्ता जमवून ठेवल्या आणि पुढच्या वर्षी पेरल्या तर चालेल का?

करंज
नाही चालणार. जांभळाचं बी वाळलं की मेलं, पंधरवड्यात उगवण निम्म्याहून खाली येते. जूनमध्ये फळ खाल्लं की गर धुऊन दोन दिवसांत पेरा. लांबून आणायचं असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळा, बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते. एका बीतून दोन-तीन कोंब येतात. जोमदार एक ठेवून बाकीचे कात्रीने कापायचे, उपटायचे नाहीत.