गुडघेदुखीसाठी थेट एमआरआय करावा का?

प्रश्न – पायरी
माझ्या आईचे वय ५८ आहे. गेले चार महिने तिचा उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. सपाटीवर ती व्यवस्थित चालते; परंतु जिना उतरताना कठडा धरल्याशिवाय पाऊल टाकत नाही आणि पूजेला मांडी घालून बसणे तिने सोडले आहे. पडल्याचे किंवा पाय मुरगळल्याचे तिला आठवत नाही. डॉक्टरांनी गुडघ्याला हातही न लावता एमआरआयची चिठ्ठी लिहून दिली. एक्स-रे अद्याप काढलेला नाही. खर्चाला आमची ना नाही, मात्र त्यातून उपचारांत काही फरक पडणार आहे का, हे जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १ – अस्थिवैद्य
आपल्या शंकेत तथ्य आहे. या वयात, इजा झालेली नसताना, आधी गुडघा हाताने तपासावा आणि उभे राहून, दोन्ही पायांवर भार देऊन एक्स-रे काढावा. ‘उभे राहून’ हे चिठ्ठीवर आवर्जून लिहून घ्या. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, एक्स-रेमध्ये दिसत नाही. ती झिजल्याचे दोन हाडांमधील कमी झालेल्या फटीवरून ओळखावे लागते आणि रुग्ण आडवा असला की तीच फट फसवी रुंद दिसू शकते.

एमआरआयची अडचण अशी की तो फार जास्त दाखवतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५० ते ९० वयोगटातील ९९१ जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय केले गेले आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्यांच्या गुडघ्यातील गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली आढळली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिनाभरात त्या गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. तेव्हा आईंच्या अहवालात ‘टिअर’ हा शब्द आला, तरी दुखण्याचे मूळ तेच असेल असे नाही.

गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, खेळताना पिळवटून काही तासांत टम्म सुजला असेल, किंवा एक्स-रे ठीक असूनही रात्री झोपमोड होण्याइतके दुखत असेल, तर मात्र मी स्वतः एमआरआय सांगतो. तापासह लाल, गरम सूज आली तर एमआरआयची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उत्तर २ – दुसरा मजला
मी याच वाटेने गेलो आहे. अहवालात ‘ग्रेड ३’ वाचून घाबरलो आणि महिन्याभरात दुर्बिणीतून गादीचा फाटलेला भाग काढून घेतला. दुखणे राहिले ते राहिलेच. पुढे मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम तीन महिने नेटाने केले, तेव्हा जिना सुसह्य झाला. नंतर समजले की फिनलंडमध्ये १४६ रुग्णांपैकी निम्म्यांवर हीच शस्त्रक्रिया आणि उरलेल्यांवर तिचा केवळ देखावा करून पाहिला होता, आणि वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या त्रासात लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१३ मध्ये, माझ्या शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी, प्रसिद्ध झाले होते. मला कोणी सांगितले नाही, याची खंत आहे.

अस्थिवैद्य
एक पुस्ती जोडतो. ग्रेड १ व २ मध्ये गादीच्या आत केवळ डाग दिसतो. तो पृष्ठभागापर्यंत पोहोचला की ग्रेड ३, म्हणजे खरी फाट. तरीही कबड्डी खेळणाऱ्या विशीतल्या मुलाची ताजी फाट आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीची झिजून झालेली फाट यांना एकाच मापाने मोजू नये.

पायरी
आपणा दोघांचे आभार. उद्या एक्स-रे काढून घेतो. पुढे एमआरआय करावाच लागला, तर आईच्या मनगटात जुन्या फ्रॅक्चरची पट्टी आहे आणि जोडवी कित्येक वर्षांत निघालेली नाहीत. चालेल का?

उत्तर ३ – तंत्रज्ञ
हाडात घट्ट बसलेली टायटॅनियमची पट्टी सहसा अडचण करत नाही, तरी शस्त्रक्रियेचे कागद सोबत आणावेत. पेसमेकर असल्यास नाव नोंदवतानाच सांगावे. जोडवी, मंगळसूत्र, बांगड्या, केसांतील पिना सर्व काढावे लागते. जोडवी आदल्या रात्री साबण लावून घरीच काढा, आमच्याकडे सुजलेल्या बोटांशी झटापट करताना रुग्ण रडवेले होतात. गुडघ्याच्या तपासणीत पाय आधी आत जातात आणि डोके बहुधा बाहेरच राहते, त्यामुळे बंदिस्त जागेची भीती तितकी वाटत नाही. अर्धा तास ठकठक आवाज येत राहतो, तेवढा वेळ पाय हलवायचा नाही. एक्स-रेची फिल्म मात्र विसरू नका. अहवाल लिहिणारे डॉक्टर ती आधी मागतात.