दुसरी ड्राइव्ह: सिमलिंक करावी की होममध्येच माउंट?

पुणे३०कर
लिनक्सवर नवीन आलेल्याला हल्ली एकच सल्ला मिळतो: दुसरी ड्राइव्ह होममध्ये, म्हणजे आपल्या फाइलींच्या फोल्डरात, माउंट करा (जोडा), सिमलिंकच्या, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या लिंकच्या, नादी लागू नका. माझं मत उलटं आहे. घरच्या मशीनला २५६ जीबीची एसएसडी आणि जोडीला २ टीबीची हार्ड डिस्क असेल, तर सिमलिंकइतकं सरळ काही नाही. हार्ड डिस्क एफस्टॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) तिचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, देऊन ‘/एमएनटी/डेटा’ला एकदा लावून टाकायची, मग सिमलिंक करणाऱ्या ‘एलएन -एस’ने पिक्चर्स, व्हिडिओज, व्हर्च्युअल मशीनच्या इमेजेस सगळं तिकडे वळवायचं. हार्ड लिंकचा (त्याच फाइलीला दुसरं नाव) इथे उपयोग नाही, ती एका फाइल सिस्टिमच्या बाहेर जात नाही. सिमलिंकमध्ये नुसता पत्ता असतो, मग तो कुठल्या का ड्राइव्हचा असेना. नको झाली तर लिंक उडवा, मूळ फोल्डर जागच्या जागी.

कोथरूडकरीण
नुसता पत्ता असतो, हीच तर गोची आहे. लग्नांचे आणि विसर्जन मिरवणुकीचे फोटो काढणारे एक गृहस्थ आमच्याकडे मशीन दुरुस्तीला आणतात. रोज रात्री फाइली कॉपी करणाऱ्या ‘आरसिंक -ए’ने अख्खं होम बाहेरच्या डिस्कवर जायचं. अधूनमधून बॅकअप उघडूनही बघायचे, फोटो सगळे दिसायचे. दिसणारच! बॅकअपमध्ये गेली होती फक्त लिंक, आणि त्याच मशीनवर ती पुन्हा ‘/एमएनटी/डेटा’वरच नेऊन सोडत होती. डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावली तेव्हा पिक्चर्स उघडेना. नशीब, मूळ ड्राइव्ह तोवर शाबूत होती.
बाइंड माउंट, म्हणजे ड्राइव्हवरचा फोल्डर होममधल्या फोल्डरवरच जोडणं, केलं असतं तर हेच आरसिंक मुकाट्याने सगळं घेऊन गेलं असतं.

पुणे३०कर
ताई, यात लिंकचा काय दोष? -ए दिलं की लिंकची लिंकच जाते, मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) स्वच्छ लिहिलंय. ‘/एमएनटी/डेटा’ वेगळा सोर्स म्हणून द्यायचा, विषय संपला. आणि तुमच्या त्या बाइंड माउंटवर कोणी आरसिंकला ‘-एक्स’ (दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये शिरू नको) लावलं तर तेही सुटतं, पदरात रिकामा फोल्डर.

कोथरूडकरीण
मॅन पेज वाचणारा फोटोग्राफर दाखवा, चहा माझ्याकडून.

हडपसरी
मी लिंकवाल्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. एफस्टॅबमध्ये ‘नोफेल’ (ड्राइव्ह नसली तरी पुढे जा) टाकल्याशिवाय तुम्ही राहणार नाही, कारण नाही टाकलं आणि ड्राइव्ह सापडली नाही तर मशीन सुरू करणारं सिस्टिमडी दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन बसवतं. बरं, टाकलं. आता ड्राइव्हची साटा केबल सैल झाली. मशीन मजेत चालू होतं, होममधला डाउनलोड्स फोल्डर आहे तसा दिसतो, फक्त रिकामा, आणि त्याच्यामागे आता एसएसडी आहे. टॉरंट रात्रभर त्यातच ओतत राहतो. सकाळी एसएसडीवरचं रूट, म्हणजे सिस्टिमचं पार्टिशन, फुल्ल.
पुढची गंमत अजून भारी. केबल नीट बसवली की ड्राइव्ह त्या फोल्डरवर चढते आणि खालच्या फाइली झाकल्या जातात. मोकळी जागा सांगणारं ‘डीएफ’ म्हणतं जागा नाही, फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला फाइली सापडत नाहीत. बसा शोधत.
सिमलिंक असती तर तुटली असती, प्रोग्रॅमने तिथेच बोंब मारली असती. मला बोंब मारणारी वस्तू परवडते.

कोथरूडकरीण
मुद्दा मान्य. त्यावर उपाय आहे: ड्राइव्ह काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर +आय’ (बदल बंद) करा. मग माउंट नसेल तेव्हा रूट युजरलासुद्धा त्यात लिहिता येत नाही. माउंट मात्र नेहमीसारखं होतं.

हडपसरी
हे माहीत नव्हतं. आजच करतो. पण नवख्याला एफस्टॅब, नोफेल, बाइंड आणि वर चॅटर एवढं सगळं शिकवणार का राव?

निगडीचा_नवखा
मी एफस्टॅबला हातच लावलेला नाही. फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर क्लिक करतो आणि ‘/मीडिया’मधल्या फोल्डरची लिंक केलीय. रीस्टार्ट केलं की लिंक मेलेली. दादा, काय चुकतंय?

पुणे३०कर
तुम्ही क्लिक करेपर्यंत ती ड्राइव्ह माउंटच होत नाही. शिवाय त्या नावाचा फोल्डर आधीच पडून असेल तर पुढे १ चिकटवून नवीन नावाने लागते, की लिंक पुन्हा मेली. आधी एफस्टॅब, मग लिंक. या क्रमाला सूट नाही. ‘फाइंड’ला ‘-एक्सटाइप एल’ देऊन तुटलेल्या लिंका तेवढ्या शोधून काढा.

कोथरूडकरीण
आणि त्यानंतर स्नॅपमधला (अ‍ॅपला कुंपणात चालवणारं पॅकेज) ब्राउझर वापरून बघा. त्याला होम दिसतं, पण लिंकच्या पलीकडच्या ‘/एमएनटी’साठी वेगळी परवानगी लागते. ती दिलेली नसेल तर फाइल अपलोड करताना अडतं. बाइंड माउंटचा रस्ता होममधलाच असल्यामुळे तिथे ही कटकट नाही.

पुणे३०कर
स्नॅपचं नाव काढलंत, आता हा धागा रात्री दोनपर्यंत चालणार. फ्लॅटपॅकमध्ये (असंच दुसरं पॅकेज) एका ओव्हरराइडने, म्हणजे परवानगी बदलून, ‘/एमएनटी/डेटा’ उघडून देता येतं, मी तेच करतो. स्नॅपपुरतं तुमचं खरं. बाकी माझ्या लिंका आहेत तिथेच राहतील.