धुतल्यानंतर ट्रकचे इंजिन झटके मारते. इंजेक्टर काढावेत का?

ऊसवाट

नमस्कार. माझा बीएस ६ या प्रदूषण मानकाचा सहाचाकी ट्रक खंडेनवमीच्या दिवशी वॉशिंग सेंटरवर नेऊन धुऊन घेतला. केबिन उचलून प्रेशर गनने इंजिनही धुतले गेले आणि त्या वेळी इंजिन चांगलेच गरम होते. तेथून घरापर्यंतचे पाच-सहा किलोमीटर गाडी व्यवस्थित आली. मात्र दसऱ्याला सकाळी पूजा करून गाडी चालू केली, तेव्हापासून उभ्या गाडीचे इंजिन वरखाली होत आहे, एक्सलेटर दाबल्यावर गाडी पिकअप घेत नाही, ताशी ४० च्या पुढे जात नाही आणि इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेलाच राहतो. पांढरा धूर नाही, ऑइलमध्येही पाणी दिसत नाही. आमच्या गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे, की सर्व इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) काढून पंप शॉपवर तपासावे लागतील. खर्च मोठा आहे आणि ऊस वाहतुकीचा हंगाम तोंडावर आला आहे. त्याआधी मी स्वतः काय तपासावे?

कपलर_आणि_पिन

इंजेक्टरला तूर्त हात लावू देऊ नका. आदल्या दिवशीपर्यंत निर्दोष चाललेले इंजेक्टर बाहेरून पाणी मारल्याने आतून बिघडत नाहीत, कारण ज्या भागात डिझेल दीड हजार बारपेक्षा अधिक दाबाने खेळते तेथे प्रेशर गनच्या पाण्याला शिरकाव नसतो. पाणी शिरते ते कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये. या इंजिनांतील बहुतेक सेन्सर ५ व्होल्टवर चालतात आणि त्यांचा संदेश त्या मर्यादेतील अगदी लहान चढउतारांतून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळतो. दोन पिनांच्या मध्ये पाण्याचा एक थेंब बसला, तरी थोडा विद्युतप्रवाह भलत्याच वाटेने जातो, ईसीयूला चुकीचा आकडा मिळतो आणि इंजिनाला इजा होऊ नये म्हणून तो डिझेल कमी करतो. तुमची गाडी ४० वर अडकते ती बहुधा यामुळेच.

गाडी घरापर्यंत नीट का आली, हाही प्रश्न पडला असेल. गरम कपलरवर गार पाणी पडले की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ते लगेच पिनांपर्यंत पोहोचतेच असे नाही, रात्रभरात हळूहळू उतरते.

प्रथम स्कॅनर लावून ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा कोड लिहून घ्या, कारण तो कोणत्या सेन्सरकडे बोट दाखवतो यावर निम्मे काम वाचते. त्यानंतर इग्निशन बंद करून काही मिनिटे थांबा आणि मगच बॅटरीचा मेन स्विच बंद करा, कारण इंजिन बंद झाल्यावरही युरियाचा (धुराचे प्रदूषण कमी करणाऱ्या द्रावणाचा) पंप आपली नळी रिकामी करीत असतो. मग कोडने दाखवलेला कपलर, आणि कोड नसल्यास रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा), कॅम व क्रँक (इंजिनाच्या फिरत्या दांड्यांची स्थिती सांगणारे) सेन्सरचे आणि इंजेक्टरच्या वायरींच्या जुडग्याचे (हार्नेसचे) कपलर एकेक करून उघडा. एक बंद केल्याशिवाय दुसरा उघडू नका, अदलाबदल झाली तर नवेच दुखणे लागेल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कमी दाबाच्या हवेने सुकवा. कॉम्प्रेसरची हवा पूर्ण दाबाने मारल्यास पाणी वायरीच्या बाजूने आणखी आत जाते. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका, त्याने सीलचे रबर फुगते.

जुना_चालक

आमच्या काळातील साध्या पंपाच्या गाड्या आम्ही नदीच्या पात्रात उभ्या करून धुतल्या आणि काही बिघडले नाही, हे खरे. पण त्या गाड्यांत ईसीयूच नव्हता. वरील सल्ला योग्य आहे, दोन गोष्टींची भर घालतो. एक, एअर क्लीनर उघडून पाहा. कागदी फिल्टर भिजला असेल तर इंजिनाचा श्वास कोंडतो, काळा धूर येतो आणि चढावर गाडी दम टाकते. असा फिल्टर वाळवून पुन्हा बसवू नये, बदलावा. दुसरे, युरियाच्या टाकीचे झाकण घट्ट होते का, ते पाहा. त्या द्रावणात युरिया ३२.५ टक्के असावा लागतो. पाणी मिसळून तो पातळ झाला, तर ईसीयू तक्रार करतो आणि कालांतराने गाडीची ताकदही कमी करतो.

बाकी, दोन दिवस उन्हात उभी ठेवा म्हणजे आपोआप सुटेल, असे कोणी सांगेल. पाणी वाळते, पण पिनांवरचा हिरवा गंज राहतो आणि पावसाळ्यात तोच दोष पुन्हा उभा राहतो.

कपलर_आणि_पिन

उन्हाबद्दल सहमत. कोड मिळाला नाही, तर इंजिन चालू ठेवून एकेक कपलर हाताने हलक्याने हलवून पाहा. ज्याला हलवल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो, तो पकडा. इंजेक्टरच्या कपलरवर मात्र हा प्रयोग करू नका, तेथे इंजिन चालू असताना बॅटरीच्या २४ व्होल्टपेक्षा बराच अधिक विद्युतदाब असतो.

ऊसवाट

सर्वांचे आभार. काल स्कॅनर लावला आणि रेल प्रेशर सेन्सरचा कोड आला. त्या कपलरचे लॉक आधीच अर्धे तुटलेले होते, आतील रबरी सील एका बाजूला दुमडलेले होते आणि मधल्या पिनेच्या बुडाशी मोहरीएवढा पाण्याचा थेंब व त्याभोवती हिरवट पूड होती. म्हणजे दोष पूर्वीपासून घर करून होता, धुण्याने तो उघड झाला. स्वच्छ करून, वाळवून, सील सरळ करून बसवताच इंजिन एका लयीत चालू लागले. एअर फिल्टर कोरडा निघाला, युरियाचे झाकणही घट्ट होते. आज सकाळी भरल्या गाडीने घाट चढून आलो, चौथ्या गिअरवर नेहमीसारखी ओढली. तूर्त कपलर केबल टायने बांधला आहे आणि नवीन कपलर मागवला आहे. तो बसवताना वायरी कापून जोडाव्या लागतील, तर जोड डाग (सोल्डर) देऊन करावा की स्लीव्ह दाबून (क्रिंप करून)?

कपलर_आणि_पिन

दाबून करा, आणि त्यावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवा. इंजिनाच्या थरथरीत डाग दिलेली वायर डागाच्या कडेला तुटते.