लहान मुलांचा हाडाचा कॅन्सर आपोआप बरा होतो का? भाच्यासाठी विचारतोय, अर्जंट

मिरजकर_मामा
भाचा 14 वर्षांचा आहे, गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडात गाठ, बायोप्सीत ऑस्टिओसार्कोमा आलंय. छातीचा सीटी क्लिअर आहे. डॉक्टर म्हणतायत केमो लगेच सुरू करा मग ऑपरेशन, पण दाजींना कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलंय की परदेशात एका मुलाचा हाडाचा कॅन्सर जोराचा ताप येऊन आपोआप गेला, तेव्हापासून ते एकच धरून बसलेत की दोन महिने थांबू, एका वैद्यांचं औषध देऊन बघू. ताई नुसती रडतेय. असं खरंच होतं का? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

पॅथॉलॉजीवाली
मामा, होतं, पण इतकं क्वचित की त्यावर पोराला ठेवता येणार नाही. एव्हरसन आणि कोल या अमेरिकन सर्जननी 1966 मध्ये जगभरातल्या जुन्या नोंदी तपासल्या, तर सगळ्या प्रकारच्या कॅन्सरच्या मिळून 176 केसेस त्यांना पटल्या, आणि त्यातही बऱ्याच ठिकाणी गाठ कमी झाली एवढंच, रोग कायमचा गेला असं नाही.

तापाचं म्हणाल तर न्यूयॉर्कचे डॉ. कोली 1890च्या दशकात सार्कोमाच्या (हाडं, स्नायू यांच्या कॅन्सरच्या) पेशंटना मुद्दाम जंतूंची इंजेक्शनं द्यायचे, काहींच्या गाठी विरघळल्याही, पण कुणाच्या विरघळतील ते आधी सांगता येत नव्हतं.

आता दाजींना हे वाचून दाखवा. 1980च्या आसपास अमेरिकेत डॉक्टरांनाच शंका होती की केमोची खरंच गरज आहे का. म्हणून ऑपरेशन झालेल्या, कुठेही पसरलेलं दिसत नसलेल्या पेशंटचे दोन गट केले, एकाला केमो दिली, दुसऱ्याला नुसतं लक्ष ठेवलं. दोन वर्षांनी केमोवाल्यांपैकी 66 टक्के रोग न उलटता राहिले, दुसऱ्यांपैकी 17 टक्के. म्हणजे सीटी क्लिअर असला तरी बहुतेकांच्या फुफ्फुसात बारीक पेशी आधीच गेलेल्या असतात. थांबलात तर ते दोन महिने त्या पेशींना वाढायला मिळतील.

चिऊची_आई
असे मेसेज कुठून येतात ते मला कळतं, कारण आमच्याकडे खरंच आपोआप गेलं. माझ्या मुलीला अगदी तान्ही असताना न्यूरोब्लास्टोमा (कोवळ्या मज्जापेशींचा कॅन्सर) निघाला, 4एस स्टेज, लिव्हर सुजलेलं, कातडीखाली निळसर गाठी, आणि डॉक्टर म्हणाले फक्त लक्ष ठेवू. हळूहळू सगळं विरलं. पण हे तान्ह्या बाळांमधलं आहे आणि हाडात पसरलेलं असेल तर त्याला 4एस म्हणतच नाहीत. लोक आमची गोष्ट ऐकतात आणि पुढे सांगताना "लहान मुलांचा कॅन्सर आपोआप जातो" करून टाकतात, मला फार त्रास होतो त्याचा. मामा, तुमच्या भाच्याचा आजार वेगळा आहे हो.

परळ_वारी
आमचा मुलगा यातून गेलाय, आता कॉलेजला आहे. मालिश, लेप, हाड बसवणं यातलं काहीही करू देऊ नका, ते हाड आतून कमकुवत झालेलं असतं, फ्रॅक्चर झालं तर पाय वाचवणं अवघड होतं. कुबड्या आजच आणा, त्या पायावर भार नको. केमोच्या आधी ऐकण्याची टेस्ट करून घ्या कारण सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने कानावर परिणाम होऊ शकतो. आणि मुलगा 14चा आहे तर स्पर्म साठवून ठेवायचं डॉक्टरांना विचाराच, घरात कुणी लाजून बोलत नाही आणि नंतर वेळ गेलेली असते. परळला टाटाला जाणार असाल तर राहण्याची काळजी करू नका, सेंट ज्यूड सेंटरमध्ये मुलासोबत आईवडिलांची फुकट सोय होते, तिथल्या सोशल वर्करना भेटा.

मिरजकर_मामा
सगळं दाजींना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले पाय काढतील का? मला वाटतं वैद्यांचं वगैरे सगळं त्या भीतीतूनच आलंय.

परळ_वारी
आम्हालाही तीच भीती होती. आता बहुतेक मुलांचा पाय राहतो, खराब हाड काढून आत धातूचा सांधा बसवतात, पण नस किंवा रक्तवाहिनी गाठीत अडकली असेल तर जमणं अवघड होतं, त्यामुळे लवकर गेलात तर पाय वाचायचा चान्स जास्त, दाजींना हे नक्की सांगा. निघताना एमआरआयची सीडी आणि बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा) दोन्ही मागून घ्या, नुसत्या रिपोर्टवर भागत नाही.