टूलचं डिस्क्रिप्शन किती लिहायचं? एजंट भलत्याच मशीनचा उपाय सांगूलालाय

उद्यमबाग_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मेंटेनन्स बघतो, कोडिंग पोटापुरतं येतं. आमचं ब्रेकडाऊन रजिस्टर (तीन वह्या, मराठी कन्नड इंग्लिश सगळी मिसळ) टाईप करून डेटाबेसमध्ये घातलंय, कंट्रोलरची मॅन्युअलं वेगळी घातलीत, आणि त्यावर एक एआय एजंट बसवलाय, म्हणजे नाईट शिफ्टच्या पोरानं अलार्म टाकला की आधी काय बघायचं ते त्यानं सांगावं, मला रात्री दोनला फोन नको. टूल (एजंटनं माहिती काढायला बोलवायची फंक्शनं) दोन दिलेत, नावं 'सर्च' आणि 'सर्च२'. डिस्क्रिप्शन एकाला "ट्रबलशूटिंग माहिती शोधते", दुसऱ्याला "मशीनचे प्रॉब्लेम शोधते". हसू नका ओ.

परवा पोरानं अलार्मचा नंबर ईएक्स१००५ एवढंच टाकलं, एजंटनं दुसऱ्याच मेकरच्या व्हीएमसीची (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) नोंद काढून दिली. पोरगं तासभर ल्यूब ऑइलची टाकी बघत बसलं आणि निघालं काय तर एअर प्रेशर कमी. एआयचं मॉडेल बदलू काय? मोठं घेतलं तर खर्च वाढतोय.

खानापूरकर
मॉडेलला हात लावू नका. टूल बोलवायच्या आधी त्याला तुमचा डेटाबेस दिसतच नाही, दिसतं ते नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरची स्कीमा (कुठली माहिती भरायची त्याचा साचा), बस्स. दोन्हीकडं तेच लिहिलंय मग ते हाताला लागेल ते उचलणार.

आणि ईएक्सचं वेगळंच आहे. फानुकच्या कंट्रोलरवर ईएक्स१००० पासूनचे अलार्म कंट्रोलरचे स्वतःचे नसतात, मशीन बनवणारा लॅडरमध्ये (मशीनच्या लॉजिक प्रोग्रॅममध्ये) स्वतः लिहितो, म्हणून १००५ एकाकडं एअर तर दुसऱ्याकडं ल्यूब. एसव्ही०४०१ मात्र मेकर कुठलाही असो, व्ही-रेडी ऑफच, म्हणजे सर्व्हो ड्राइव्ह तयार नाही. हे तुम्हाला मला तोंडपाठ आहे, पण डिस्क्रिप्शनमध्ये कुठं लिहिलंय? मेकर आणि मशीनचं मॉडेल हे पॅरामीटर कंपल्सरी करा, मेकरला एनम (ठरलेली यादी) द्या म्हणजे तुमच्याकडं आहेत त्यातलाच निवडेल, आणि स्पष्ट लिहा की मशीन माहीत नसेल तर अंदाज लावू नको, ऑपरेटरला विचार.

टिळकवाडी_डेव्ह
दादा, मी असं लिहिलं असतं, नाव 'ब्रेकडाऊन_रजिस्टर_शोध':

"आमच्याच शॉपमधल्या जुन्या बिघाडांच्या नोंदी शोधतं. मशीनचा मेकर माहीत असेल आणि आधी असं झालं तेव्हा काय केलं हे हवं असेल तेव्हा वापर. अलार्मचा मूळ अर्थ किंवा पॅरामीटर नंबर इथं नाहीत, त्याला मॅन्युअलचं टूल वापर. प्रत्येक नोंदीत तारीख, मशीन, लक्षण, उपाय मिळतो. रिकामी यादी आली तर फक्त नोंद नाही एवढंच समज, मशीन ठीक आहे असं नाही."

ते शेवटचं वाक्य गाळू नका, माझ्या एका प्रोजेक्टमध्ये एजंट रिकामा रिझल्ट बघून "काही प्रॉब्लेम नाही" म्हणून मोकळा व्हायचा. अँथ्रॉपिकच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पण एका टूलला किमान तीन-चार वाक्यं लिहा म्हटलंय. उगाच पानभर नको मात्र, टूलची व्याख्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर जाते आणि तिचे टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यावर बिल येतं) लागतात.

निपाणी_प्लँट
डिस्क्रिप्शनचं सगळं बरोबर ताई, पण आत काय आहे ते कोण बघणार? आमच्या रजिस्टरात एकानं लिहिलेलं "नीर बर्तिल्ला", म्हणजे कूलंट येत नाही. एजंट 'कूलंट' शोधणार, कीवर्ड सर्च असेल तर ही नोंद जन्मात सापडणार नाही. प्रत्येक नोंदीला लक्षणाचा एक ठरलेला शब्द लावा आणि ते शब्द डिस्क्रिप्शनमध्ये द्या.

अजून एक, जुन्या कंट्रोलरवर नुसतं ४०१ येतं, नव्यावर एसव्ही०४०१. ही दोन्ही रूपं तुमच्या कोडमध्येच जुळवून घ्या, ते पण डिस्क्रिप्शनमध्ये समजावत बसू नका. कोडनं होणारं काम मॉडेलच्या गळ्यात कशाला?

खानापूरकर
हे पटलं. आणि तपासताना मनातले प्रश्न घेऊ नका, पोरं टाकतात तसेच घ्या, चुकीच्या स्पेलिंगसकट.

उद्यमबाग_मेंटेनन्स
सगळ्यांचे आभार. नावं बदलली, ताईंचं डिस्क्रिप्शन थोडं फिरवून घातलं, मेकर कंपल्सरी केला आणि रजिस्टरातले १५ खरे ब्रेकडाऊन टाकून बघितले. ईएक्सला आता आधी "कुठलं मशीन?" विचारतंय, पोरं जरा वैतागूलालेत पण चालतंय. ४०१ चं कोडमध्ये केलं. मॉडेल तेच.

तीन ठिकाणी अजून चुकतंय, तिन्ही नोंदी कन्नडमधल्या. त्या आता स्टोअरच्या अण्णांकडून वाचून घेऊलालोय, अक्षर त्यांचंच हाय आणि त्यांनाच लागतंय.