मदत हवी: दहा आकडी संख्या मूळ आहे की नाही, उद्या सकाळी द्यायचंय

डिचोलीकर९: लवकर सांगा कोणीतरी. सरांनी दहा आकडी संख्या दिलीय, मूळ आहे का ते कारणासकट लिहायचंय. प्रोग्राम म्हणतो मूळ नाही पण भाजक काही दाखवत नाही, आणि शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागलं तरी बाकी उरतेच.

फोंडेकर: अरे पण संख्या कुठली? प्रोग्राम कशात लिहिलास?

निवृत्त_मास्तर: अंकांची बेरीज कर बाळा. तीनने गेली तर काम झालं.

डिचोलीकर९: ४२९४९६७२९७. बेरीज ५९, तीनने नाही जात, अकराची कसोटी पण केली. सी भाषेत, इंट (साधा पूर्णांक प्रकार) घेऊन.

फोंडेकर: मग तेच कारण. ३२ बिटांत अनसाइन्ड (ऋण संख्या नसलेला प्रकार) घेतलं तरी ४२९४९६७२९५ पर्यंतच मावतं, तुझी संख्या २ चा ३२ वा घात अधिक १ आहे, मशीनने ती १ धरली असणार, आणि १ मूळ नाही. प्रिंट करून बघ, लाँग लाँग (६४ बिटांचा मोठा प्रकार) घे.

साखळीची_पोर: सी सोडा, पायथॉन घ्या, ही कटकटच नाही.

फोंडेकर: उद्या सकाळी द्यायचंय त्याला, आता भाषा बदलायला सांगतेस?

निवृत्त_मास्तर: देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं ६१७४ कोणाला आठवतं का? कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या क्रमातून चढता वजा करत राहा, तिथेच पोचता. शाळेत हे शिकवायला हवं.

पेडणेकर: मास्तर, त्याचा प्रश्न वेगळा आहे. ही फर्मा नावाच्या गणितज्ञाची संख्या, तो ती मूळ समजायचा, पण ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. ६४१ × ६७००४१७. वर्गमूळ ६५५३६ च्या जरासं वर, तिथपर्यंत मूळ संख्या ६५४२, हाताने करत बसलास तर चवथ येईल. पण हिचा मूळ भाजक ६४क + १ (क म्हणजे कुठलीही पूर्ण संख्या) असाच असतो, म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१, पाचच भागाकार.

डिचोलीकर९: प्रिंट केलं, १ च आला! पण ६४क + १ च का? सर विचारणारच.

पेडणेकर: भाजक प असेल तर २ च्या ३२ व्या घाताला प ने भागून बाकी −१, त्याचा वर्ग केला की ६४ व्या घाताला १. ६४ च्या आधी कुठेच १ येत नाही, म्हणून फर्माच्याच छोट्या प्रमेयाने (२ च्या प − १ व्या घाताला प ने भागून बाकी १) ६४ हा प − १ ला भागतो. एवढं लिही.

साखळीची_पोर: आणि ६७००४१७ मूळ आहे हे पण दाखव हां, नाहीतर भाजक चारच आहेत असं लिहिता येणार नाही. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, परत ६४क + १ वालेच तपास, ६४१ पासून सुरू कर.